बॅटरी बदलण्याआधी : आउटबोर्ड मोटरचे चार्जिंग कसे तपासावे

कॅडेट, इयत्ता दहावी
समता कॉलोनी, रायपूर

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत एनडीआरएफ, लष्कर आणि नौदलाच्या तुकड्या बोटी घेऊन उतरल्या. एरवी जिथून रिक्षा आणि एसटी जाते, त्या रस्त्यांवरून बोटी गेल्या. आपल्या शाळेतल्या काही कॅडेटची घरे त्याच भागात आहेत, त्यामुळे त्यांना हे सांगायला नको.

पुरातली बोट एकदा सुरू करून चालत नाही. प्रत्येक दाराशी थांबावे लागते. माणसे पाण्यातून बोटीत चढतात तेव्हा पंखा फिरता ठेवणे धोक्याचे असते, म्हणून मोटर बंद करतात. माणसे बसली की पुन्हा सुरू करायची. एका फेरीत असे दहा-बारा वेळा होते. दहाव्या वेळी बटण दाबल्यावर मोटरने नुसता 'टक' असा आवाज केला, तर बोटीत बसलेल्या आजीबाईंचे आणि लहान मुलांचे काय होईल, याचा विचार करून हा लेख वाचावा.

मोटर सुरू झाली नाही की सगळे म्हणतात, "बॅटरी गेली." बॅटरी बदलतात. आठवड्याने नवी बॅटरीही तशीच मरते. खरा दोष पुष्कळदा बॅटरीत नसतो, बॅटरी भरणाऱ्या यंत्रणेत असतो. ही यंत्रणा साध्या मल्टिमीटरने, क्रमाने तपासता येते, आणि दहावीच्या विज्ञानात विजेवर जे दोन धडे आहेत त्यांच्यापलीकडचे त्यात फारसे काही नाही.

माझे मामा समता कॉलोनीतच राहतात आणि गाड्यांची व जनरेटरची वायरिंग दुरुस्त करतात. आमच्या घरापासून खारून नदीचा महादेव घाट काही किलोमीटरवर आहे. घाटावर बोटी चालतात, म्हणून गाड्यांबरोबर अधूनमधून बोटीची मोटरही मामांकडे येते. सुट्टीत त्यांच्या हाताखाली जे शिकलो ते इथे लिहितो. मामांचे एकच वाक्य आहे : "आधी मोज, मग बोल."

वीज येते कुठून?

आउटबोर्ड मोटर म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवलेले इंजिन. अमेरिकेतल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अशी मोटर विकायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून ती जगभर पसरली. लहान मोटरी आजही दोरी ओढून सुरू होतात. त्यांना सुरू व्हायला बॅटरी लागत नाही. मोठ्या मोटरींना सेल्फ असतो, आणि नव्या पद्धतीच्या बहुतेक इंधन-इंजेक्शन मोटरींचा पेट्रोल पंप आणि कॉम्प्युटरही बॅटरीवर चालतो. शिवाय दोरीची मोटर असली तरी रात्रीचा सर्चलाइट, बोटीतले पाणी उपसायचा पंप आणि वायरलेस यांना वीज लागतेच.

ही वीज मोटर स्वतः तयार करते. यंत्रणेचे चार भाग लक्षात ठेवा.

पहिला भाग स्टेटर. इंजिनाच्या डोक्यावर फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्याच्या आतल्या कडेला चुंबक बसवलेले असतात. चाकाखाली तांब्याच्या तारेची वेटोळी असतात, त्यांना स्टेटर कॉइल म्हणतात. चाक फिरले की चुंबक वेटोळ्यांवरून धावतात आणि तारेत वीज निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच.

दुसरा भाग रेक्टिफायर. स्टेटरमधून येणारी वीज एसी असते, म्हणजे तिची दिशा सतत उलटसुलट होते. बॅटरीला मात्र एकाच दिशेची डीसी वीज लागते. हे काम डायोड करतात. विहिरीच्या पंपाला खाली फूट व्हॉल्व्ह असतो, तो पाणी वर जाऊ देतो पण परत खाली येऊ देत नाही. डायोड हा विजेचा फूट व्हॉल्व्ह समजा.

तिसरा भाग रेग्युलेटर. इंजिन जोरात फिरले की व्होल्टेज वाढत जाते. ते साधारण साडेचौदा व्होल्टच्या वर जाऊ नये म्हणून रेग्युलेटर आवर घालतो. बऱ्याच मोटरींत रेक्टिफायर आणि रेग्युलेटर एकाच डबीत असतात. मिस्त्री लोक तिला 'आरआर युनिट' म्हणतात.

चौथा भाग वायर, फ्यूज आणि बॅटरीची टर्मिनले. हा भाग सगळ्यांत साधा असल्यामुळे त्याकडे कोणी बघत नाही. पण पाणी, हादरे आणि गंज यांचा मारा सगळ्यांत जास्त याच भागावर होतो.

हिशेब आधी जमवा

कधी कधी यंत्रणेतला प्रत्येक भाग ठीक असतो आणि तरी बॅटरी उतरते. त्याचे कारण जमा-खर्चात असते.

समजा बोटीवर ५५ वॅटचा सर्चलाइट आहे. ५५ ला १२ ने भागले की सुमारे साडेचार अँपिअर येतात. पाणी उपसायचा पंप अडीच अँपिअर घेतो आणि वायरलेस एक अँपिअर. एकूण खर्च आठ अँपिअर. आता मोटरच्या पुस्तिकेत चार्जिंग १० अँपिअर लिहिले आहे, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण हे १० अँपिअर इंजिन जोरात फिरत असताना मिळतात. गल्लीबोळांतून हळू बोट नेताना समजा तीनच मिळाले, तर दर तासाला पाच अँपिअर-तासांची तूट येते. बॅटरी ६० अँपिअर-तासांची असेल तर सहा तासांत तिच्यातले ३० गेले, म्हणजे ती निम्मी झाली. निम्म्या बॅटरीवर, तीही जुनी असेल तर, सेल्फ फिरेलच असे सांगता येत नाही.

अनेकांना वाटते की वारंवार सेल्फ मारल्यामुळे बॅटरी उतरते. तोही हिशेब करून पाहू. सेल्फ समजा १५० अँपिअर घेतो, पण फक्त चार सेकंद. १५० गुणिले ४ म्हणजे ६०० अँपिअर-सेकंद. एका तासाचे ३६०० सेकंद, म्हणून हे झाले अँपिअर-तासाचा सहावा भाग. बारा वेळा सेल्फ मारला तरी दोनच अँपिअर-तास गेले. याउलट सर्चलाइट एका तासात साडेचार घेतो. म्हणजे बॅटरी खाणारा दिवा असतो, सेल्फ नव्हे. दिवसा दिवा बंद ठेवणे आणि फेरी संपवून मोकळ्या पाण्यातून परत येताना मोटर थोडी वेगात चालवणे, हे दोन नियम पाळले तरी पुष्कळ बॅटऱ्या वाचतील.

हिशेब जमत असेल आणि तरी बॅटरी उतरत असेल, तरच पुढची तपासणी करायची.

सुरक्षेचे नियम

तपासणी एकट्याने करू नये. इन्स्ट्रक्टर किंवा जाणकार माणूस सोबत असावा. पुढचे नियम आमच्या मामांच्या भिंतीवर खडूने लिहिलेले आहेत. बोटीसाठी लागणारे दोन मी त्यात घातले आहेत.

१. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. जवळ काडी, विडी, ठिणगी नको. खोली बंद नको. बंद शेडमध्ये इंजिनही चालवू नये, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो.

२. बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल असते. चष्मा घाला. हातावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

३. अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवा. बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह काढा. जोडताना निगेटिव्ह शेवटी लावा. अशाने पाना चुकून बोटीच्या धातूला लागला तरी शॉर्ट होत नाही.

४. मोटर पाण्याशिवाय चालवू नका. तिला थंड ठेवणारा पाण्याचा पंप आत रबरी पात्यांचा असतो. कोरडा फिरला की ती पाती थोड्याच वेळात जळतात. जमिनीवर तपासायची असेल तर मोटरचा पाय पाण्याच्या पिंपात बुडवा किंवा पाण्याची नळी जोडा.

५. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. किल-स्विचची दोरी मनगटाला असू द्या. सैल बाही, लॅनयार्ड, मीटरच्या वायरी फ्लायव्हीलपासून दूर ठेवा. वेगात चालवून मोजायचे असेल तर बोट पाण्यात, घट्ट बांधूनच मोजा.

६. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नका. जुने ड्रायव्हर 'डायनॅमो चालतो का' हे पाहायला असे करत. बॅटरी ही विजेच्या धक्क्यांची उशी असते. ती काढली की व्होल्टेज एकदम उसळते आणि आरआर युनिट, कॉम्प्युटर जळू शकतात.

तपासणी, पायरी पायरीने

पायऱ्यांचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे आणि सोप्याकडून अवघडाकडे आहे. मधली पायरी गाळू नका. प्रत्येक आकडा वहीत लिहा.

*पहिली पायरी : डोळे आणि हात.* टर्मिनलवर पांढरी किंवा हिरवी बुरशी दिसते का? नट हाताने हलतो का? वायरवर कुठे चिकटपट्टी गुंडाळली आहे का? चिकटपट्टी दिसली की तिथे पूर्वी कोणीतरी काहीतरी केले आहे असे समजावे, आणि ती जागा लिहून ठेवावी.

*दुसरी पायरी : विश्रांतीतली बॅटरी.* बॅटरी चार्ज करून काही तास तशीच ठेवा. मग मीटर डीसी २० व्होल्टवर लावून मोजा. नेहमीच्या लेड-अॅसिड बॅटरीला १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि ११.९ किंवा त्याखाली म्हणजे जवळजवळ रिकामी. लक्षात घ्या, भरलेली आणि रिकामी यांत एका व्होल्टचाही फरक नाही. म्हणून 'बारा दाखवतो, म्हणजे ठीक आहे' हे म्हणणे चुकीचे. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक सेल पाहा. पाच सेल सारखे आणि एकच बराच खाली असेल, तर ती बॅटरी खरोखर गेली आहे.

*तिसरी पायरी : सेल्फ मारताना.* एकाने बटण दाबायचे, दुसऱ्याने मीटर वाचायचे. सेल्फ फिरताना व्होल्टेज खाली जाणारच, पण ते साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. भरलेली बॅटरी असूनही ते आठ-सातवर कोसळले तर बॅटरी कमकुवत आहे. बॅटरीवर ११ दिसतात आणि तरी सेल्फ सुस्त फिरतो, तर जाड वायरींचे सांधे किंवा सेल्फच तपासा.

*चौथी पायरी : इंजिन चालू असताना.* हीच मुख्य चाचणी. मीटर बॅटरीच्या टर्मिनलवरच ठेवा. आधी हळू चालीवर वाचा, मग बोट पाण्यात बांधून वेग वाढवून वाचा. तीन निकाल मिळू शकतात. वेग वाढवल्यावर व्होल्टेज १३.५ ते १४.५ च्या दरम्यान स्थिरावले, तर चार्जिंग ठीक आहे, जमा-खर्च पुन्हा पाहा. व्होल्टेज १२.४ किंवा १२.५ वरच राहिले आणि हळूहळू उतरत गेले, तर बॅटरीपर्यंत वीज पोहोचत नाही. आणि ते १५ च्या वर चढत गेले, तर रेग्युलेटर आवर घालत नाही, बॅटरीतले पाणी उकळून जाईल. मोटर लगेच बंद करा.

*पाचवी पायरी : फ्यूज आणि वायर.* इंजिन बंद करा. आरआर युनिटमधून बॅटरीकडे जाणारी वायर शोधा. बहुधा ती लाल असते, पण रंगांची खात्री पुस्तिकेतून करा. त्या वायरवर बॅटरीइतकेच व्होल्टेज दिसले पाहिजे. शून्य दिसले तर मध्ये फ्यूज उडाला आहे किंवा वायर तुटली आहे. फ्यूज उडाला असेल तर नवा त्याच अँपिअरचा घाला. मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणे म्हणजे बोटीत आग लावण्याची तयारी. नवाही उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

आता याच पायरीचा दुसरा भाग, जो बहुतेक लोक करत नाहीत. इंजिन वेगात चालू ठेवा. मीटरची एक पिन आरआर युनिटच्या लाल वायरीवर आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर लावा. मीटर जे दाखवेल तेवढे व्होल्टेज वाटेत हरवते आहे. एक-दोन दशांश व्होल्ट चालेल. अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर वाटेत सांधा खराब आहे. तसेच इंजिनाचे अंग आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्येही मोजा. अर्थिंगचा दोष तिथे सापडतो.

*सहावी पायरी : स्टेटर.* वायर ठीक असेल तरच इथे या. इंजिन बंद करून स्टेटरचा कपलर सोडवा. मीटर ओहमवर लावा. आधी दोन्ही पिना एकमेकींना लावून मीटरच्या वायरींचा रोध किती येतो ते पाहा आणि तो वजा करा. स्टेटरच्या वायरी तीन असतील तर तिन्ही जोड्यांत रोध सारखा आणि अगदी कमी आला पाहिजे. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. मग प्रत्येक वायर आणि इंजिनाचे अंग यांच्यात मोजा. तिथे मीटरने काहीच दाखवू नये. बीप वाजला तर कॉइलचे आवरण जळून ती अंगाला टेकली आहे. पुस्तिका परवानगी देत असेल तर इंजिन चालवून एसी व्होल्टेजही मोजतात. ते तिन्ही जोड्यांत सारखे हवे आणि वेगाबरोबर वाढायला हवे.

*सातवी पायरी : आरआर युनिट.* नुसता रेक्टिफायर असेल तर मीटरच्या डायोड खुणेवर एका दिशेने अर्ध्या व्होल्टच्या आसपास वाचन येते आणि पिना उलट केल्या की काही येत नाही. दोन्ही दिशांनी येत असेल तर डायोड शॉर्ट, एकाही दिशेने नसेल तर तुटलेला. रेग्युलेटर सोबत असलेली डबी अशी तपासता येतेच असे नाही. तेव्हा वजाबाकी करायची : बॅटरी ठीक, वायर ठीक, अर्थ ठीक, स्टेटर ठीक, आणि तरी चार्जिंग नाही. मग उरली ती डबी. तिच्यापर्यंत सातव्या पायरीला पोहोचायचे, पहिल्या नाही.

*शेवटची पायरी : गुपचूप गळती.* चार्जिंग ठीक असून दोन दिवस उभ्या बोटीची बॅटरी उतरत असेल तर सगळे स्विच बंद करून निगेटिव्ह वायर काढा आणि मीटर अँपिअरवर लावून मध्ये जोडा. काही मिलिअँपिअर चालतील. अर्धा अँपिअर वाहत असेल तर फ्यूज एकेक करून काढा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, गळती त्या वाटेवर आहे. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरच जळेल.

महादेव घाटावरच्या एका मोटरची गोष्ट

गेल्या सुट्टीत घाटावरच्या एका नावाड्याची मोटर मामांकडे आली. त्याने पावसाळ्यापासून दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. तिसरीही घ्या असे त्याला सांगण्यात आले होते. एका बॅटरीला त्याची बऱ्याच दिवसांची कमाई जाते. तो म्हणाला, "भैया, अब बैटरी का नाम मत लेना."

मामांनी वही माझ्या हातात दिली. मीटर ते लावत, आकडे मी लिहीत होतो. बॅटरी चार्ज करून रात्रभर ठेवली : १२.७. सेल्फ मारताना १०.४. म्हणजे बॅटरी निर्दोष. मग बोटीवर जाऊन इंजिन वेगात चालवले. बॅटरीवर १२.६, आणि थोड्या वेळाने १२.५. म्हणजे चार्जिंग नाही. नावाडी म्हणाला की दुसऱ्या मिस्त्रीने फ्यूज आणि वायर बीप लावून पाहिले आहेत, दोन्ही ठीक आहेत, आरआर युनिटच बदलावे लागेल.

मामांनी पाचव्या पायरीचा दुसरा भाग केला. आरआर युनिटच्या तोंडाशी १४.३ व्होल्ट होते. म्हणजे डबी आपले काम करत होती. बॅटरीवर १२.६. वाटेत १.७ व्होल्ट हरवत होते. फ्यूजच्या दोन टोकांत नगण्य फरक आला. पुढे वायरवर एके जागी काळी चिकटपट्टी होती, तिच्या अलीकडे-पलीकडे मोजले आणि जवळजवळ सगळे १.७ तिथेच सापडले. पट्टी सोडली तर आत नुसता पिळलेला जोड होता, तांबे हिरवे पडलेले, आणि मोजकेच धागे एकमेकांना टेकलेले.

मग बीप का वाजला होता? बीप वाजवायला मीटर अगदी थोडा प्रवाह सोडतो. तेवढा एका धाग्यातूनही जातो. पण पाच अँपिअर जायचे झाले की तोच जोड अडवतो. ओहमच्या नियमाने १.७ भागिले ५ म्हणजे ०.३४ ओहम. एवढासा रोध साध्या मीटरवर नीट कळतसुद्धा नाही. मात्र १.७ गुणिले ५ म्हणजे साडेआठ वॅट उष्णता त्या एका जोडात तयार होत होती. इंजिन बंद केल्यावर हात लावला तर जोड खरोखरच गरम होता.

वायर ताज्या तांब्यापर्यंत कापली, नवा जोड दाबून बसवला, झाळले आणि वरून गरम करून आवळणारी स्लीव्ह चढवली. पुन्हा इंजिन चालवले : १४.१. सामान काही रुपयांचे होते. नावाड्याने तो हिरवा तुकडा खिशात ठेवला. दुकानात दाखवणार म्हणाला.

धड्यातला ओहमचा नियम मला परीक्षेत येत होताच. पण तो एका माणसाची कमाई वाचवतो हे मी त्या दिवशी पाहिले.

बिघाड होऊच नये म्हणून

बोट पाण्याबाहेर आली की मोटर गोड्या पाण्याने धुवावी. समुद्रात किंवा खाडीत वापरली असेल तर हे टाळूच नये. टर्मिनले साफ करून घट्ट करावीत आणि वर पेट्रोलियम जेली लावावी. वायरचे जोड पिळून चिकटपट्टी लावण्याऐवजी थिंबल दाबून करावेत. बॅटरी पट्ट्याने घट्ट बांधावी, कारण हादऱ्यांनी आतल्या प्लेटी सैल होतात. पाणी घालायची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे बोट वापरात नसतानाची काळजी. लेड-अॅसिड बॅटरी नुसती पडून राहिली तरी हळूहळू उतरते. उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटींवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग ती पूर्वीइतकी भरत नाही. पूरबोटी वर्षातले बहुतेक महिने शेडमध्ये असतात, म्हणून त्यांच्या बॅटऱ्यांना हा धोका जास्त. महिन्यातून एकदा चार्जर लावावा. जोडताना लाल आणि काळी वायर उलटसुलट होऊ देऊ नये. एका क्षणाची ठिणगीसुद्धा डायोड जाळायला पुरते.

आणि प्रत्येक बोटीला एक कार्ड असावे. त्यावर तारीख आणि चार आकडे : विश्रांतीत किती, सेल्फ मारताना किती, हळू चालीवर किती, वेगात किती. बंदुकीची तपासणी जशी परेडआधी होते, तशी ही मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी व्हावी. मागच्या वेळी वेगात १४.२ होते आणि या वेळी १३.३ आहे, एवढे दिसले तरी बिघाड पूर्ण व्हायच्या आत सापडतो. जून-जुलैमध्ये पाणी चढू लागल्यावर मीटर शोधत बसायला वेळ नसतो.

पालकांना एक विनंती. सुट्टीत मुलाने किंवा मुलीने मल्टिमीटर मागितला तर तो खेळ समजू नका. साधा मीटर फार महाग नसतो. घरातल्या स्कूटरची बॅटरी, इन्व्हर्टरची बॅटरी यांवर हेच आकडे आणि याच पायऱ्या लागू पडतात. फक्त घरातल्या २३० व्होल्टच्या बोर्डाला मोठ्यांशिवाय हात लावू देऊ नका.

कॅडेट मित्रांनो, आपल्यापैकी कोणी नौदलात जाईल, कोणी एनडीआरएफमध्ये, कोणी आपल्याच गावच्या बोटीवर स्वयंसेवक म्हणून बसेल. दहाव्या दाराशी पुन्हा बटण दाबायची वेळ येईल तेव्हा मोटर सुरू झाली पाहिजे. त्याची तयारी मे महिन्यातल्या त्या चार आकड्यांत होते. आधी मोजा, मग बोला.

जय हिंद!